बांधावरची आत्या

कुरुळीच्या शिवारात एक गोदाम आहे. त्याची भिंत सरळ येते, सरळ येते आणि एका निंबाजवळ एकदम आत वळसा घेऊन पुन्हा सरळ जाते. नाशिक रस्त्याने माल घेऊन येणारे ड्रायव्हर तिथं ट्रक मागं घेताना रोज शिव्या घालतात. ‘कोण येडा इंजिनिअर होता राव!’ इंजिनिअर बिचारा शहाणाच होता. त्याने नकाशावर रेघ सरळच ओढली होती. ती वाकडी झाली शालनबाईच्या शब्दापायी. त्यामागची गोष्ट ऐका, आणि त्यानंतरही शिव्या घालायला जीभ वळली तर खुशाल घाला.

शालनबाईचं घर गावातलं जुनं शेतकरी घर. नवरा तरणाताठा गेला, पदरात एकटा रोहिदास. बाई तोंडाची अशी फटकळ, की तिच्या वाटेला जायचं तर माणूस आधी दोनदा विचार करायचा. चाकणकडं कंपन्या नुकत्या कुठं यायला लागल्या होत्या तेव्हाची गोष्ट. ज्वारीच्या रानात पत्र्याच्या शेड उभ्या राहत होत्या. त्या बांधणारी माणसं लातूरहून, नांदेडहून, पार बिहारातून आलेली, माळावर ताडपत्रीखाली राहायची. त्यांची तान्ही लेकरं दिवसभर साडीच्या झोळीत, सिमेंटच्या धुरळ्यात. आई वर पाट्या वाहतेय, लेकरू खाली रडून रडून निळं पडतंय. गाव येता-जाता बघायचं, ‘अरेरे’ म्हणायचं आणि आपल्या कामाला लागायचं.

अशात एक दिवस एसटीतून एक गोरी बाई उतरली. पांढरी सुती साडी, पायात रबरी चपला, गळ्यात लाकडाचा क्रूस, बोटात साधी अंगठी. स्वित्झर्लंडच्या डोंगरातल्या कुठल्याशा खेड्यातली, नाव सिस्टर वेरेना. गावाने आठवड्याच्या आत तिची वेरुणाबाई करून टाकली. ती थेट शालनबाईच्या दारात आली आणि मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, “तुमचा गोठा रिकामा आहे. मला द्याल? पोरं सांभाळायची आहेत.”

शालनबाईने तिला आपादमस्तक न्याहाळलं. कपाळाला कुंकू नाही, हातात काकण नाही. तिला वाटलं, आपल्यासारखीच कर्माची दिसते. “कवा गेलं गं बाई तुजं मालक?”

सिस्टरने बोटातली अंगठी दाखवली. “मी लग्न नाही केलं. मला देवाला दिलंय.”

“आत्ता गं बया! मंजी तू मुरळी हाईस व्हय!”

आता हसू नका. लहानपणी शालनबाईने निमगावच्या खंडोबाला वाहिलेली एक मुरळी पाहिली होती. पोरीचं देवाशी लग्न लावायचं आणि जन्मभर तिने देवाचीच म्हणून राहायचं, अशी ती चाल. वाईट होती, बंद झाली ते बरंच झालं. पण देवाला दिलेली बाई म्हटल्यावर शालनबाईला दुसरं काय आठवणार? संध्याकाळपर्यंत गावभर झालं, शालनच्या गोठ्यात येशूची मुरळी आलीय. सिस्टरला त्याचा अर्थ कळायला पुढं काही वर्षं लागली. कळला तेव्हा ती पोट धरधरून हसली, पण गावाला दुरुस्त मात्र केलं नाही. म्हणाली, “चुकलंय. पण फार नाही चुकलं.”

गोठा सारवला, झोळ्या बांधल्या आणि पाळणाघर सुरू झालं. पहिल्याच दिवशी सिस्टरने एका तान्ह्याला प्लास्टिकच्या टबात घातलं. शालनबाई दारात उभी राहून बघत होती. तिला काही राहवेना. “अगं, लेकरू हाय का खरकटं भांडं?” पदर खोचून ती पाटावर बसली, पाय लांब सोडले, लेकराला नडग्यांवर पालथं घातलं, तेल चोळलं, कोमट पाण्याने निगुतीने न्हाऊ घातलं, टाळूवर तेल भरलं. ते पोर तिथंच डोळे मिटून गाढ झोपलं. सिस्टर एखाद्या शाळकरी पोरीसारखी समोर मांडी घालून सगळं बघत होती. दुसऱ्या दिवशी पाटावर ती स्वतः बसली. पाय तिचे लांबसडक. शालनबाई म्हणायची, देवाने हिचं माप घेतलं ते लेकरं न्हाऊ घालायलाच.

काही जण कुजबुजले, पोरं बाटवायला आलीय. शालनबाईला आडपडदा ठाऊकच नव्हता. तिने तोंडावरच विचारलं, “बाटवणार का गं?” सिस्टर बाटलीला दूध भरत होती. “आधी दूध पाहिजे त्यांना,” ती म्हणाली. “देवाचं त्यांचे आईबाप बघतील.” आणि ती तशीच वागली. पहिल्या शिफ्टच्या आया उजाडायच्या आत लेकरं सोडून जायच्या, दुसऱ्या शिफ्टच्या पार उशिरा न्यायला यायच्या. ही मधल्या वेळात कधी जेवायची, कधी पाठ टेकायची, ते शालनबाईला शेवटपर्यंत कळलं नाही. गोवर आला, हगवण आली, आजारी लेकरू हिच्या खांद्यावरून खाली उतरायचं नाही. बिहारचं पोर असेल तर त्याच्या आईकडून तिच्या बोलीतली चार वाक्यं शिकून घ्यायची. पोरं तिला आत्या म्हणायची. शालनबाईने जन्मात कुणाचं फारसं कौतुक केलेलं नाही, पण ही बाई बघून ती रोज थक्क व्हायची आणि तसं बोलूनही दाखवायची. “आपल्या पोटच्याचं करताना आपण करवादतो, आन ही बघा!”

मग भीमराजचं लेकरू गेलं.

भीमराज लातूरकडचा, बांधकामावर बिगारी. त्याचं पहिलं पोर, बारसंसुद्धा व्हायचं होतं. तापाने फणफणलं आणि दवाखान्यात पोचायच्या आत संपलं. एवढ्या लहान लेकराला आपल्यात जाळत नाहीत, माती देतात. पण ज्याची स्वतःची मूठभर माती नाही, त्याने ती द्यायची कुठं? भीमराज फडक्यातलं गाठोडं छातीशी धरून रस्त्याच्या कडेला उभा. एकाने सांगितलं ओढ्याकडं जा, तिथून दुसऱ्याने हाकललं. सिस्टर शालनबाईकडं आली. तिने मागणी अशी केलीच नाही, नुसती समोर उभी राहिली. शालनबाईने बाहेर येऊन भीमराजकडं पाहिलं आणि म्हणाली, “चला. निंबाखालचा कोपरा हाय माज्या शेतात. तिथं नांगर फिरत न्हाई.”

खड्डा झाला. भीमराज खाली वाकणार तोच सिस्टर म्हणाली, “थांबा. नाव काय याचं?”

“बारसं कुटं झालंय, बाई? नाव न्हाई,” भीमराज म्हणाला.

“मग त्याला हाक काय मारायची?”

सिस्टर भीमराजच्या बायकोपाशी जाऊन बसली. पोर गेल्यापासून ती दगड होऊन बसली होती, डोळ्यांत टिपूस नव्हतं. “काय ठेवणार होतीस?” ती म्हणाली, “सोनबा. माज्या बापाचं नाव.” बारशाला कानात नाव सांगायचा मान आत्याचा. त्या लेकराची आत्या तिकडं लातूरला. सिस्टरने गुडघे टेकले, फडकं बाजूला केलं, त्या इवल्याशा कानाशी तोंड नेलं आणि नाव सांगितलं. मग मान वर करून म्हणाली, “शालनताई, पाळणा म्हणा.”

खड्ड्याच्या काठावर पाळणा! शालनबाईच्या अंगावर सर्रकन काटा आला. असलं अभद्र कुणी करतं का? पण त्या गोऱ्या तोंडाकडं पाहून तिला नाही म्हणवेना. आवाज चिरकत होता, शब्द मधेच पळत होते, तरी तिने अख्खा पाळणा म्हटला. आणि तेव्हा कुठं त्या आईने हंबरडा फोडला. आपण देवळात उभ्या आहोत असं शालनबाईला त्या दिवशी वाटलं. निमगावच्या गडावरही तिला तसं कधी वाटलं नव्हतं, हे ती छातीला हात लावून सांगायची.

परत येताना सिस्टर म्हणाली, “शालनताई, मी मेले की मला पण तिथंच ठेवा. लहान पोर आहे ते. जवळ कुणीतरी मोठं माणूस नको का?”

“मर की मग सावकाश,” शालनबाई म्हणाली. पण चार पावलं गेल्यावर थांबली. “दिली जागा. शालनचा शब्द हाय.”

पुढं निंबाखाली आणखी काही लेकरं आली. प्रत्येकाला ओढ्यातला एक गोटा, त्याला चुना. प्रत्येकाला नाव, आईने मनात धरलेलं, कानात सांगितलेलं. दर रविवारी शहरातल्या चर्चमध्ये प्रार्थना करून आली की सिस्टर त्या कोपऱ्यात जायची, गवत उपटायची आणि एकेकाचं नाव घ्यायची. जिवंत पोरांना सकाळी हजेरीला हाक मारायची ना, तशीच.

रोहिदास मोठा झाला, त्याचं लग्न झालं. बायको तेजस्विनी, मनाची हळवी, कामाला वाघीण. पहिली लेक सातव्या महिन्यातच झाली आणि चार दिवसांत गेली. तेजस्विनी दवाखान्यात, शालनबाई तिच्या उशाशी. रोहिदासने सिस्टरला बरोबर घेऊन लेकीला निंबाखाली माती दिली आणि रीत असते तसा मागं न बघता घरी आला. आला आणि सांगून टाकलं, “ह्या घरात हा विषय पुन्यांदा काढायचा न्हाई. तेजूला सोसायचं न्हाई.” त्यानंतर त्याने त्या कोपऱ्यात पाऊल टाकलं नाही. पुढं अर्णव झाला, घर हसतं झालं.

तेजस्विनी मात्र रविवारी पाळणाघरात मदतीला जाते म्हणून निघायची आणि सिस्टरबरोबर निंबाखाली जाऊन बसायची. शालनबाईला ठाऊक होतं. “आई, यांना सांगू नका,” सुनेने शपथच घातली होती. “यांना सोसायचं नाही.” घ्या! नवरा बायकोसाठी गप्प, बायको नवऱ्यासाठी गप्प आणि मधे ही सासू, जिचं तोंड गावाला कधी आवरलं नाही, तीसुद्धा गप्प. असल्या शहाणपणाची काय आरती ओवाळायची!

रोहिदास काही वाईट माणूस नव्हे. गोठा पाडून पाळणाघराला पक्की खोली त्यानेच बांधून दिली. कामगारांना खोल्या भाड्याने दिल्या, पण कुणाला नाडलं नाही. आजूबाजूची सगळी शेतं गेली, राहिलं होतं हे एकच. ते गोदामाला द्यायचं त्याने ठरवलं तेव्हा शालनबाई एवढंच म्हणाली, “शेत दे बाबा. निंबाचा कोपरा तेवढा ठेव. तिथं माजा शब्द गेलाय.”

“आये, कोपरा सोडून कसं चालंल? त्यांना सलग जागा पायजे.” मग तो म्हणाला, “आन खरं सांगू? मलाच नकोय तो कोपरा. तेजू भांडी घासताना त्या निंबाकडं बघत बसती. एकदा भिंत उठली, शिमिट झालं, की सुटंल ती.”

शालनबाईच्या ओठांवर आलं होतं. पण सुनेची शपथ. “मग वेरुणाबाईला म्या काय सांगू?”

“त्यांच्या लोकांची दफनभूमी हाय की शहरात. तिथं बरंय.”

सांगायलाच म्हणून ती पाळणाघरात गेली. सिस्टर आता पार थकली होती, गुडघे गेले होते, पाटावर बसवत नव्हतं. खुर्चीत बसून दिव्याला सांगत होती. दिव्या म्हणजे हाताखालची मुलगी, लहानपणी याच झोळीत वाढलेली. “हळू. मान धर. पाणी आधी स्वतःच्या हातावर घे.” शालनबाईचा चेहरा पाहून तिने विचारलं, “काय झालं, ताई?”

“कुटं काय,” शालनबाई म्हणाली आणि परत फिरली. आयुष्यात पहिल्यांदा ती त्या बाईच्या नजरेला नजर देऊ शकली नाही. जन्मभर जिने कशाला हात पसरला नाही, तिने एक खड्डाभर जागा मागितली, आणि तीही आपल्याच्याने देववत नाही! लाजेने तिला त्या दिवशी घास गेला नाही.

आणि नेमकं त्याच आठवड्यात, दुपारच्या वेळी, पोरं झोपलेली असताना, सिस्टर खुर्चीतल्या खुर्चीत गेली. खांद्यावर एक लेकरू झोपलेलं. दिव्याला वाटलं, दोघांना डुलकी लागलीय. शालनबाई आली आणि तिला दारातूनच कळलं. तिने आधी त्या लेकराला अलगद सोडवून घेतलं. सिस्टरचा हात त्याच्या पाठीवर तसाच होता.

निरोप गेला, शहरातून त्यांच्या मोठ्या सिस्टर आल्या, केरळच्या, मराठी स्वच्छ. अंगणात अर्धं गाव जमलेलं. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, “त्यांची इच्छा आम्हाला माहीत आहे. पंचायतीचा कागद, आमच्या फादरांची परवानगी, ते आम्ही बघू. जमिनीच्या मालकांची हरकत नसली म्हणजे झालं.”

एकदोघांनी नाकं मुरडली. मसणवटा सोडून शेतात कशाला मोठं माणूस पुरायचं? त्यावर गावातली सगळ्यांत म्हातारी गोजाबाई काठी आपटत म्हणाली, “गप रे! देवाला वाहिलेल्या माणसाला कुणी आग लावतं का? गोसाव्याला माती देता नव्हं? मग? येशूची मुरळी हाय ती!” मोठ्या सिस्टर चपापल्या. पण गावाचं तोंड तेवढ्यावर बंद झालं. जुनी चूक अशी कामाला आली.

आता सगळे रोहिदासकडं बघायला लागले. सातबारा त्याच्या नावाचा. त्याने मान खाली घातली, हात जोडले. “सिस्टर, माफ करा. शहरात न्या त्यांना. गाडी मी करतो, सगळं मी करतो. पण तिथं नको.”

लोकांना वाटलं, आता शालनबाईचा बॉम्ब फुटणार. ती उठली, पडवीतून कुदळ घेतली आणि चालायला लागली. कंबरेत वाकलेली म्हातारी, कुदळ तिच्यापेक्षा जड, पण एकदाही टेकली नाही. निंबाखाली पोचली आणि घाव घातला. माती हलेना. पुन्हा घातला.

रोहिदास धावत मागून आला. “आये! काय चालवलंयस हे?”

“शब्द पुरला व्हता म्या हितं. बघती, हाय का गेला.”

त्याने कुदळीचा दांडा धरला, आणि तेव्हा त्याचं लक्ष खाली गेलं. इतक्या वर्षांत तिथं रान माजलं असेल, काही ओळखूच येणार नाही, असं तो मनात धरून होता. आणि इथं तर झाडलेली जमीन, गवताची काडी नाही. चुना लावलेले पांढरे गोटे. एकावर झेंडूचं फूल, ताजं.

“हे कोण करतंय?”

“मी,” मागून तेजस्विनीचा आवाज आला. ती धापा टाकत होती. “दर रविवारी. आत्या आणि मी.” मग ती पुढं झाली आणि फूल वाहिलेल्या गोट्यावर हात ठेवला. “आत्यांना अनुयाशेजारी ठेवायचं, अहो. सगळ्यांत लहान तीच होती.”

“अनुया कोण?”

“आपली.”

रोहिदास त्या गोट्याजवळ वाकला. “तिला नाव... कवा ठेवलं?”

“तुम्ही माती द्यायच्या आधी. आत्या दवाखान्यात मला विचारून गेल्या होत्या.”

त्याला आठवलं. तेव्हा सिस्टरने त्याला कळशीभर पाणी आणायला विहिरीवर धाडलं होतं. तो परतला तेव्हा ती गाठोड्यावर वाकलेली होती. त्याला वाटलं होतं, तिच्या देवाची प्रार्थना करतेय. “म्या म्हनलं तुला सोसायचं न्हाई,” तो कसाबसा म्हणाला. तेजस्विनी म्हणाली, “मला वाटायचं तुम्हाला सोसायचं नाही.” मग तो मोठा बाप्या माणूस मातीत बसून पोरासारखा रडला, आणि शालनबाईने त्याला रडू दिलं. रडून झालं तसं त्याने आईच्या हातातली कुदळ काढून घेतली आणि कुणाला हात न लावू देता एकट्याने खड्डा खणला. गोदामवाल्यांना त्याने तिथूनच फोन लावला. “कोपरा सोडून घ्यायचं असंल तर घ्या. नायतर ऱ्हाऊ द्या.”

दुसऱ्या दिवशी फादर आले, त्यांची प्रार्थना झाली, त्यांच्या सिस्टर त्यांची गाणी गायल्या. शिफ्ट सोडून कामगार बाया आल्या होत्या, गोठ्यात वाढलेली आणि आता कंपनीच्या गणवेशात हिंडणारी पोरं आली होती. एवढी माणसं कुरुळीने कुणा पुढाऱ्यासाठीही पाहिली नव्हती. सगळं आटोपलं असं वाटलं, तेव्हा शालनबाई पुढं झाली आणि पाळणा म्हणायला लागली. मोठ्या सिस्टर दचकून बघायला लागल्या. पण भोवतीच्या सगळ्या बायांनी तो पाळणा उचलून धरला, कुणी मराठीत, कुणाला शब्द येत नव्हते त्यांनी नुसता सूर.

मग माणसं निघाली. रीत अशी, की माती देऊन निघालं की मागं वळून बघायचं नाही. शालनबाई आणि तेजस्विनी हात धरून चालत होत्या. रोहिदास त्यांच्या मागं होता. थोडं गेल्यावर त्याच्या पावलांचा आवाज थांबला. दोघींनी ओळखलं, तो वळलाय. आणि मग मागून त्याची हाक ऐकू आली, अर्णवला अंगणातून घरात बोलवायला मारायचा ना, तशीच.

“अनुयाऽऽ!”

तेजस्विनीची बोटं सासूच्या हातात घट्ट आवळली. दोघीही थांबल्या नाहीत. घरी पोचल्या, हातपाय धुतले, चहा टाकला, तो उकळून उकळून आटला, तरी रोहिदास अजून आला नव्हता.